पूर्वसूरींची साक्ष

प्रबंधाच्या आरंभी पूर्वसंशोधनाचा जो आढावा घ्यावयाचा असतो, तो पुष्कळ अभ्यासक एक उपचार म्हणून उरकतात. अमुक साली अमक्याने असे म्हटले, तमुक साली तमक्याने तसे म्हटले, अशी वाक्ये एकाखाली एक रचली म्हणजे आपले कर्तव्य पार पडले, अशी त्यांची समजूत असते. माझ्या मते ग्रंथकर्त्याची विवेकबुद्धी खरी कसाला लागते ती याच प्रकरणात. कारण कोणाचे विधान कोणाच्या आधारावर उभे आहे, याची शहानिशा त्याला येथे करावी लागते.

शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा वाद या दृष्टीने मला नेहमीच उद्बोधक वाटत आला आहे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासात जन्माचे साल १६२७ दिलेले आहे. उत्तरकालीन बखरींतही शके १५४९ चा वैशाख येतो. आणि पुढे कितीतरी चरित्रकारांनी तेच साल निःशंकपणे पुढे चालविले. वरवर पाहणाऱ्यास हा साक्षीदारांचा मोठा समुदाय वाटावा. परंतु एकेकाचा हवाला उलगडीत मागे जावे, तो वाट फिरून फिरून त्याच उशिरा लिहिलेल्या बखरींपाशी येऊन थांबते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तीतील त्रोटक नोंदींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, ही तिथी नक्षत्रासह मिळाली. एका शकावलीवर सारी भिस्त ठेवण्यास जे कचरले, त्यांचा आक्षेप गैरवाजवी नव्हता. पण १९२७ साली स. म. दिवेकरांनी तंजावरच्या हस्तलिखितावरून कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापले, तेव्हा त्या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली. जोधपूरच्या संग्रहातील एका कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. मावळातील जेधे देशमुखांचे दफ्तर, तंजावरची पोथी आणि मारवाडातील कुंडली यांनी एकमेकांची नक्कल केली असेल, असे मानण्यास काहीच आधार नाही. म्हणून या तिघांचे वजन त्या साऱ्या समुदायाहून अधिक.

टिपण घेताना मी कार्डाच्या माथ्यावर ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठ लिहितो, मध्ये लेखकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवितो आणि तळाशी रेघ ओढून त्याने दिलेला दाखला नोंदवितो. मग तो दाखला स्वतः उघडून पाहिल्यावाचून ते कार्ड पुरे झाले असे मानीत नाही. कित्येकदा मूळ ग्रंथात ‘बहुधा’ असा शब्द असतो. तो पुढच्या लेखकाच्या हातून गळतो, आणि त्याच्या पुढच्याच्या लेखणीत तर्काचा सिद्धांत झालेला असतो. असा गळालेला ‘बहुधा’ हाती लागला, की मला अतोनात आनंद होतो, कारण संशोधनास अद्याप कोठे जागा आहे, हे तेथे उघड होते.

न पटणाऱ्या मताविषयी तर अधिकच दक्षता हवी. आपल्या भाष्यकारांनी पूर्वपक्ष मांडताना प्रतिपक्ष्याची युक्ती तिच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडली आणि नंतरच खंडनास हात घातला. १६२७ चा कैवार घेणाऱ्या एखाद्याने आपला आढावा वाचला, तर आपली बाजू येथे यथास्थित आली आहे असे त्याला वाटले पाहिजे.

लिहावयास बसताना लेखकांची क्रमवारी मी सोडून देतो आणि प्रश्नांची घेतो: शकावलीची नोंद कितपत विश्वसनीय, तिथी आणि वार यांचा मेळ बसतो काय, बखरींनी साल घेतले कोठून. एकच ग्रंथ मग तीन ठिकाणी येतो, एखादा जाडजूड ग्रंथ एका वाक्यात आटोपतो, तर एखाद्या चार पानी लेखासाठी दोन पृष्ठे खर्ची पडतात. वाचन थांबवावे केव्हा, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. नव्या ग्रंथाच्या तळटीपांत आपल्या कार्डांवर नाहीत अशी नावे आढळेनाशी झाली, म्हणजे लेखणी उचलण्यास हरकत नाही, असे मी त्यांना सांगतो. मात्र कार्डे बांधून ठेवू देत नाही, कारण लिहिताना ती पुन्हा मांडावी लागतात.