नऊ राण्या आणि एक कबुली

भामट्यांवरचा सिनेमा सुटला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘मला मध्यंतरालाच कळलं होतं.’ दुसरं, ‘पण असं कसं होईल?’ शेवटाचा धक्का बसला का आणि हिशोब जुळला का, एवढ्यावर अख्खा सिनेमा तोलला जातो. मला हा तराजू अपुरा वाटतो. तसं वाटायला लावलं ते फाबियान बिएलिन्स्कीच्या ‘नुएवे रेइनास’ने, म्हणजे ‘नऊ राण्यां’नी. अर्जेंटिनातला, 2000 सालचा हा सिनेमा.

ब्वेनोस आयरेसमध्ये पेट्रोल पंपावरच्या दुकानात हुआन नावाचा पोरगेला तरुण सुट्ट्या पैशांची हातचलाखी करताना पकडला जातो. तिथेच असलेला मार्कोस पोलीस असल्याची बतावणी करून त्याला बाहेर काढतो. मग दिवसभर दोघं बरोबर. एका दृश्यात मार्कोस त्याला भर रस्त्यावरची माणसं वाचून दाखवतो: कोण बॅगेवर टपलाय, कोण सावज हेरतोय. एरवी नजरेत न भरणारी ती माणसं कॅमेरा एकेक करून टिपत जातो, आणि साध्यासुध्या वर्दळीचा रंगच पालटतो. त्या मिनिटभरात शहराची भीती वाटायला लागते. मला तरी कुठल्याही कलाटणीपेक्षा हे जास्त थरारक वाटलं.

पुढे वायमार काळातल्या दुर्मीळ जर्मन टपाल तिकिटांचा संच येतो, त्याची बेमालूम नक्कल येते, आणि दुसऱ्या दिवशी देशाबाहेर काढला जाणारा एक लबाड स्पॅनिश धनाढ्य गिऱ्हाईक म्हणून येतो. नकली तिकिटं मोटारसायकलवरचे चोर हिसकावतात, ती पाण्यात जातात. अस्सल विकत घ्यायला मार्कोसला स्वतःची पुंजी ओतावी लागते.

शेवट मी सांगून टाकतो. या सिनेमाचं त्याने काही बिघडत नाही. मार्कोसला लुबाडण्याच्या डावात जवळजवळ सगळेच सामील होते. गिऱ्हाईक, चोर, हुआन, मार्कोसची सख्खी बहीण वालेरियासुद्धा. ‘ब्लफमास्टर’ (2005) पाहिलेल्यांना या सापळ्याची जात ओळखीची वाटेल.

मार्कोस गिऱ्हाइकाचा चेक वटवायला धावतो तर बँकच बुडालेली, दारात ठेवीदारांचा आकांत. इथे प्रेक्षक अडतात. बँक नेमकी त्याच सकाळी कशी बुडते? फारच सोयीचं नाही का? पण सिनेमा आल्यानंतर सव्वा वर्षाने, डिसेंबर 2001मध्ये, अर्जेंटिना सरकारने लोकांना स्वतःच्याच खात्यातून आठवड्याला 250 पेसोंपेक्षा जास्त काढायला बंदी घातली. अशक्य म्हणून ज्याकडे बोट दाखवावं, तेच देशभर घडलं. शटर पडलेल्या सहकारी बँकेपुढे ताटकळलेल्या मराठी माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. बिएलिन्स्कीने हवेतली अस्वस्थता ओळखली होती. त्याच्या हातून पुढे एकच सिनेमा झाला; 2006मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. याची हळहळ मला आजही वाटते.

पण सिनेमाचा जीव बँकेत नाही. तो आहे वालेरियाच्या अटीत. सौदा तडीस न्यायचा तर तो धनाढ्य तिची एक रात्र मागतो. ती कबूल होते, पण आधी मार्कोसने धाकट्या भावासमोर सांगायचं की आजीआजोबांच्या वारशात त्याने भावंडांना फसवलं. जो दिवसभर तोंडाला येईल ते बोलत आला, त्याची जीभ इथे जड होते. मार्कोस झालेल्या रिकार्दो दारिनने हे विलक्षण केलंय: नजर चुकवणं, शब्द गिळणं, आणि शेवटी बोलणं. पहिल्यांदा पाहताना आपण सौद्याच्या घाईत असतो, हा अडथळा कधी एकदा ओलांडला जातोय असं वाटतं. शेवट ठाऊक असताना पाहिलं की ध्यानात येतं, सोंगांच्या या सबंध गर्दीत मार्कोसच्या तोंडून तेवढंच खरं निघालं. आणि अट येते तेव्हा त्याची पुंजी केव्हाच हातची गेलेली असते. डाव तिथे आटोपता घेतला असता तरी पैसे बुडाले ते बुडालेच होते. वालेरियाला मात्र कबुली हवी होती.