मदतीची गाडी आणि घाटातली रात्र

२१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद झाली आणि त्याच रात्री चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांना पूर, त्यात खाडीची भरती. गोवळकोट, पेठमाप, बाजारपेठ, सगळीकडे पाणी घुसलं. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली माणसंही हादरली. रत्नागिरीहून फोन लागत नव्हते. आमच्यापैकी प्रत्येकाचं चिपळुणात कुणी ना कुणी होतं; कुणाची बहीण, कुणाची खाला.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर मोहल्ल्यातून टेम्पो निघाला. आम्ही सहा जण, सोबत पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, बिस्किटं, मेणबत्त्या, चादरी, लहान मुलांसाठी दूध पावडर. निवळी, संगमेश्वर, आरवली करत सावर्ड्याला पोचेपर्यंत मगरिब झाली. तिथे नमाज पढलो, तकबीर-ए-तशरीक म्हटली आणि पुढे निघालो. चिपळूण आता वीस किलोमीटरच्या आत होतं.

घाट लागला तसा पाऊस वाढला. एका वळणाअलीकडे चाचांनी गाडी थांबवली. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. दिव्यांच्या उजेडात रस्त्याकडेच्या गटाराकडे बोट दाखवून म्हणाले, "मघापासून पाणी स्वच्छ होतं. आता लाल झालंय. वरून खडेही येतायत."

एक जण म्हणाला, "चाचा, लोक दोन दिवस पाण्यावाचून आहेत. एवढं वळण पार केलं की झालं."

"बाबांनो, पाणी त्यांना सकाळीही लागणार आहे. आपण दबलो तर आपल्यालाच काढायला माणसं लागतील."

त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. दोघे जण खाली उतरून, भिजत, मागचा रस्ता दाखवत होतो. शंभरेक पावलं मागे आलो असू, तोच समोर झाड मोडल्यासारखा आवाज झाला. मग बराच वेळ काहीतरी घरंगळत राहिलं. वळणावर लाल चिखल आणि दगड पसरले होते. कुणीतरी मोठ्याने कलमा पढला. आमच्यातला सर्वात लहान, अठरा वर्षांचा मुलगा, किती तरी वेळ बोललाच नाही. महाडजवळच्या तळियेची बातमी त्याच दिवशी ऐकली होती. आदल्या दिवशी तिथे दरड कोसळली होती. पुढे कळलं, ८० हून अधिक माणसं गेली. खेड तालुक्यात पोसरे इथेही १७ जण दगावले.

आपल्या कोकणात वर जांभा आणि त्याखाली चिकणमाती. जांभ्यातून पाणी झिरपतं, खालची माती फुगते आणि निसटते. डोंगर उभा कापलेला असेल तर धोका आणखी वाढतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, खडे घरंगळणं, झाडं कलणं, जमिनीला भेग पडणं या त्याच्या खुणा आहेत. हे शिक्षण चाचांना रस्त्याने दिलं होतं.

रात्र सावर्ड्यात एका ओळखीच्या घरी काढली. झोप कुणालाच लागली नाही. घरी फोन लागला तेव्हा प्रश्न पडला, आईला सांगायचं का? चाचा म्हणाले, "खरं सांगा. उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलाला पाठवायचं असेल तर तिला ठाऊक असलं पाहिजे."

फजरनंतर जेसीबीने एक बाजू मोकळी केली आणि आम्ही गोवळकोटला पोचलो. घराघरात गुडघाभर चिखल होता. दुपारपर्यंत सामान वाटलं, मग फावडी घेतली.

नेक कामाला निघालेल्याचा अल्लाह राखणदार आहे, असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कल करू पाहणाऱ्याला आपल्या नबींनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं होतं. आमच्यासाठी त्या रात्री गाडी मागे घेणं हेच उंट बांधणं होतं.

तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यातून मदतीची गाडी सुटते ती फजरनंतर. पावसाळ्यात अंधारात घाट चढायचा नाही. सोबत दोर, टॉर्च आणि फावडं असतं. गाडीतल्या सगळ्यांची नावं आणि घरचे नंबर मशिदीत लिहून ठेवतो. थांबायचं की जायचं हे चालवणारा ठरवतो, आणि त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.