अंगणातले तलाव

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे आपण सर्वांनी शाळेच्या भूगोलात पाठ केलेले असते. आणि पाठ केले म्हणूनच की काय, त्याचा अर्थ कधी मनात उतरलेला नसतो. तो उतरायचा असेल तर नागपूरहून पूर्वेकडे ६० किलोमीटर यावे, भंडारा मागे टाकावे आणि लाखनी-साकोलीच्या बाजूला कुठल्याही आडरस्त्याने चालू लागावे. एक पाळ लागते. पाळीवर चढले की पलीकडे पाणी दिसते, आणि त्या पाण्याखाली पायरीपायरीने उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या दिसतात. पुढच्या गावी जा, तेथेही तेच. मोठा असेल तर तलाव, लहान असेल तर बोडी. पाण्यावाचून गाव म्हणजे छपरावाचून घर, असाच इकडचा हिशेब.

हे तलाव बहुतांशी कोहळी समाजाने, गोंड राजांच्या काळात बांधलेले. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून पाणी अडवायचे, ही त्यांची विद्या. पुढे मालगुजार आले आणि तलाव त्यांच्या नावावर चढले. १९५१ साली मालगुजारी गेली. नाव मात्र राहिले. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’ आहेत, आणि लोकांनी त्याचे सुटसुटीत ‘मामा तलाव’ करून टाकले आहे. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नवेगावबांधसारखा नामांकित तलाव तिकडे गेला. तरी भंडाऱ्याच्या वाट्याला उरले तेही काही थोडे नव्हे.

माझ्याबरोबर या भागातलेच एक निवृत्त गुरुजी होते. एका पाळीवर बसून त्यांनी मला तलाव समजावून दिला. म्हणाले, ‘‘पाळ कोणीही बांधील हो. खरी अक्कल सांडव्याची. पाणी जास्त झालं की त्यानं निमूटपणे बाहेर पडावं, अशी वाट ठेवावी लागते. सांडवा चुकला की पाळ फुटलीच म्हणून समजा.’’

हे वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण्याचा योग येईल, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पवनीला गेलो. वैनगंगेच्या काठचे हे फार जुने गाव. १९६९-७० साली येथे उत्खनन झाले आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. पण आताशा माणसे पवनीकडे जातात ती बहुधा गोसेखुर्दचे धरण पाहायला. २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी झाली. ११ किलोमीटरहून लांब धरण आणि ३३ दरवाजे! ते दृश्य खरोखरच भव्य आहे. धरणामागे अथांग पाणी पसरले आहे, आणि त्या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावे आहेत. गुरुजींच्या एक दूरच्या मावशी अशाच एका गावच्या. त्यांच्या नव्या वसाहतीत आम्ही उतरलो.

वैशाखाचे दिवस. दुपारी ४५ अंशांपर्यंत पारा चढलेला. वसाहतीतले रस्ते सरळ, घरे पक्की. पण जमीन सगळी मुरमाड. कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी. झाडे तुरळक. आणि अशा त्या रखरखाटात मावशींच्या घराला वळसा घालून मागे गेलो तो काय! अकरा निळे अर्धपिंप ओळीने मांडलेले, आणि त्यांत काळीशार वांगी, मिरच्या, भेदरे आणि सावलीच्या कोपऱ्यात हिरवागार सांभार. भेदरे म्हणजे आपले टोमॅटो आणि सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.

‘‘रोज किती पाणी घालता, मावशी?’’ मी विचारले.

‘‘रोज कायले जी? पाच दिवसांनी एक डाव. हिवाळ्यात तं आठ-आठ दिवस पाहतच नाही मी.’’

मला ती थट्टा वाटली. पण मावशींच्या जावयांनी, जे मोटारी दुरुस्तीचे काम करतात, एक पिंप रिकामे होते ते आणून मला सगळे उकलून दाखवले.

खाद्यतेलाचे २०० लिटरचे पिंप आडवे कापून दोन भाग करायचे. रसायनाचे पिंप मात्र घ्यायचे नाही. तळाशी चार बोटे आणि थोडी वर एवढ्या उंचीवर एक खोटा तळ बसवायचा. त्याला आधार म्हणून जुनी कवेलू उभी करायची आणि त्यांवर भोके पाडलेली चकती ठेवायची. चकतीत दोन मोठी भोके. त्यांतून दोन लहान सच्छिद्र मडकी खाली पार तळाला टेकतील अशी सोडायची आणि मातीने ठासून भरायची. वर एक फूट माती. एका बाजूने नळीचा तुकडा उभा, त्यातून पाणी खाली ओतायचे. चकतीखालच्या जागेत सुमारे २५ लिटर पाणी मावते. मडक्यांतली माती ते शोषते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी वरच्या मातीत चढत राहते. वर तणसाचे आच्छादन, म्हणजे उन्हाला चोरण्यासारखे काही उरत नाही. पाणी किती उरले ते पाहायला नळीत बांबूची कमची सोडून ठेवलेली. ती ओढून पाहायची, किती बोटे भिजली ते.

‘‘आणि हे भोक कशाला?’’ पिंपाच्या बाजूला, चकतीच्या किंचित खाली एक छिद्र होते.

जावई काही बोलायच्या आत गुरुजी हसून म्हणाले, ‘‘अहो, सांडवा तो!’’

खरेच तो सांडवा होता. पाऊस लागला किंवा कोणी भरमसाट पाणी ओतले तर जास्तीचे तेथून निघून जाते, आणि पाणी व माती यांच्यामध्ये हवेची पोकळी राहते. ते नसेल तर मुळे गुदमरून कुजतात.

विद्या जुनीच आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंग-ची याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात, मातीचे मडके पाण्याने भरून वेलांच्या मधोमध पुरायला सांगितले होते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्लेक व्हिसनंट या टोमॅटोच्या शेतकऱ्याने १९९० च्या दशकात याच तत्त्वावरची पेटी बाजारात आणली. मडकी पुरणे तर आपल्याकडेही नवे नाही.

पथ्ये मात्र आहेत. बी उगवेपर्यंत पाणी वरूनच शिंपडावे लागते, कारण कोवळे मूळ खालच्या ओलीपर्यंत पोचलेले नसते. नळीच्या तोंडाला फडके बांधावे, नाही तर डासांची सोय होते. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी सोडून मातीत साठलेले क्षार सांडव्यावाटे धुऊन काढावे.

हा खटाटोप का सुरू झाला, ते मावशींनी चहा घेताना सांगितले. जुन्या गावी नदीकाठी त्यांची भाजीची वाडी होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी बाजारात कधी वांगे विकत घेतले नव्हते. उलट भरली टोपली घेऊन पवनीच्या बाजारात बसायच्या. नव्या ठिकाणी आल्यावर पहिल्यांदा पाव किलो वांगी विकत आणली.

‘‘त्या दिवशी भाजी केली, पन मले घास नाही गेला भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पैसे भेटले वाडीचे. पन माणसाच्या हाताले काम लागते ना!’’

मुरमात दोन वर्षे त्यांनी खटपट केली. नळाला पाणी तासभर, गुडघे दुखरे, घागरी उचलवेनात. पुढे मोतीबिंदूसाठी नागपूरला जायची वेळ आली तेव्हा मावशी अडून बसल्या. पाच दिवस रोपांना पाणी कोण घालणार? तेव्हा जावयांनी पहिले पिंप कापले. त्या परत आल्या तेव्हा रोपे टवटवीत होती. नव्या डोळ्यांनी त्यांनी प्रथम काय पाहिले असेल, ते सांगायला नको.

पिंपातल्या मातीला हात लावला तर ती मऊ आणि काळी होती. मी म्हणालो, ‘‘ही तर इथली नव्हे.’’

ती वाडीतलीच होती. गाव सोडताना लोक दारे, खिडक्या, कवेलू बंड्यांत भरत होते. मावशींनी दोन बंड्या गाळाची माती भरली. माणसे हसली. ती माती दोन वर्षे कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती. नुसती घातली असती तर पिंपात दगडासारखी बसली असती. म्हणून जावयांनी तीत राईस मिलमधले धानाचे तूस आणि कुजलेले शेणखत मिसळले. मडक्यांत मात्र नुसती तीच माती आहे, कारण पाणी वर ओढण्यात नदीच्या बारीक गाळाचा हात कोणी धरणार नाही.

शेजारच्या चार-पाच घरांतही आता अशी पिंपे झाली आहेत. मावशी बी कोणालाही देतात, चकती कशी कापायची ते दाखवायला जावयांना धाडतात. माती तेवढी कोणाला देत नाहीत. फक्त नात सासरी निघाली तेव्हा तिच्या सामानात त्यांनी एक घमेले माती, फडक्यात बांधून, स्वतःच्या हाताने ठेवली.