चुकांची वही

पदवी हाती येताच पेडणे व डिचोली तालुक्यांतील आपले तरुण पुढील शिक्षणाची वाट शोधू लागतात. व्यवस्थापनशास्त्राची एक नामांकित संस्था तर साखळीजवळ, पर्ये येथे आहे. येशूसंघाचे फादर रोमुआल्ड डिसोझा ह्यांनी १९९३ साली रायबंदर येथे स्थापिलेली 'गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट' ती हीच. परंतु तेथे प्रवेश हवा तर 'कॅट'सारखी परीक्षा द्यावी लागते, आणि तीतील गणिताचे नाव काढताच कित्येकांचा धीर सुटतो. "फादर, गणित आमच्या नशिबातच नाही," हे उद्गार आम्ही वारंवार ऐकतो. गणित चुकल्याचे आम्हांस एवढे दुःख नाही. प्रयत्नापूर्वीच मूल स्वतःस नालायक ठरविते, ह्याचे फार वाईट वाटते.

वस्तुतः हे गणित बहुतांशी शाळेतलेच असते: शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, समीकरणे, भूमिती. कठीण जाते ती घाई, कारण 'कॅट'मध्ये गणिताच्या विभागास अवघी ४० मिनिटे मिळतात. १०० रुपयांचे काजू २० टक्क्यांनी महागले व मग २० टक्क्यांनी उतरले, तर भाव काय? घाईत मूल "१००" म्हणते. खरे उत्तर ९६. कारण दुसरे २० टक्के १२० वर मोजावयाचे असतात.

अशा वेळी मुले काय करतात? उत्तर पाहतात, "अरेरे" म्हणतात आणि पुढील गणिताकडे वळतात. शेकडो गणिते सुटतात, पण तीच चूक पुन्हा होते. आमची सूचना अशी की, चुकांची एक वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: प्रश्न नीट वाचला नाही, नियम ठाऊक नव्हता, की आकडेमोड चुकली? आठवड्याने तेच गणित वही न पाहता पुन्हा सोडवावे.

ही रीत नवी नव्हे. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या ग्रंथास १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यात ते सांगतात की, एकच दोष निवडावा, दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण करावे, जितक्यांदा तो घडला तितके ठिपके रेघेवर द्यावेत, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहावी. जी शिस्त आत्म्यास उपकारक, ती गणितास का नसावी?

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. 'कॅट'च्या पर्यायी प्रश्नास बरोबर उत्तराचे ३ गुण मिळतात व चुकल्यास १ गुण वजा होतो. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवल्यास सरासरीने हाती शून्यच येते. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर मात्र अंदाज लाभाचा ठरतो. म्हणून न सुटणाऱ्या प्रश्नास कवटाळून न बसता तो सोडून देणे, हेही शिकावे लागते.

आईबापांनो, सायंकाळच्या जपमाळेनंतर एक तास घर शांत ठेवा, आणि वहीतील चुका पाहून मुलास रागे भरू नका. रागे भरलात तर ते चुका लपवू लागेल. शुभवर्तमानातील त्या दासाने आपले नाणे भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवले होते. आपल्या मुलांनी तसे करू नये. परीक्षेत यश येवो वा न येवो, परमेश्वराने दिलेली बुद्धी वापरल्याचे समाधान तरी त्यांस लाभावे, हीच आमची प्रार्थना.