लंडनमधील आमची उमेदवारी

आमचें शिक्षण लंडन येथें चाललें असतांना तेथील एका कचेरींत आम्ही तीन महिने उमेदवारी करणार आहोंत, व ती कचेरी नटनटींस कामें मिळवून देण्याचा व्यवसाय करते, ही वार्ता घरीं पोहोंचली तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं टेलिफोनवर एवढेंच विचारलें, "म्हणजे दलालाच्या पेढीवर बसणार का रे तूं?" प्रश्न वर्मीं लागला, कारण तो अगदींच खोटा नव्हता. नट आणि नाटक काढणारा यांच्यामध्यें उभें राहून जो दोघांची गांठ घालून देतो व नटाच्या मिळकतींतून ठरलेला हिस्सा घेतो, त्यास आपल्या भाषेंत दलाल याहून सभ्य शब्द सहसा सांपडत नाहीं. इंग्लंडांत त्यास एजंट म्हणतात, आणि त्याच्यावांचून तेथील नटाचें पान हालत नाहीं.

ज्या वाचकांनीं तें शहर पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं आमच्या रोजच्या वाटेचें थोडें वर्णन करतों. आमचें महाविद्यालय ब्लूम्सबरी भागांत होतें. दुपारीं तेथून निघून गॉवर स्ट्रीटनें दक्षिणेस चालूं लागलें कीं प्रथम रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ही १९०४ सालीं स्थापन झालेली नाट्यशिक्षणसंस्था लागते. तिच्या दाराशीं तरुण विद्यार्थी ओठांतल्या ओठांत भाषणें घोकीत उभे असत. पुढें डाव्या हातास ब्रिटिश म्यूझियम सोडून शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू ओलांडली म्हणजे सुमारें वीस मिनिटांत सेव्हन डायल्सचा चौक येतो. येथें सात रस्ते एकत्र मिळतात व मध्यें घड्याळांचा खांब आहे. मूळ खांब सतराव्या शतकाच्या अखेरचा. तो १७७३ सालीं काढून टाकला, आणि सध्यांचा खांब ही १९८९ सालीं उभारलेली त्याची प्रतिकृति आहे. मौज अशी कीं रस्ते सात असून खांबावर सूर्यघड्याळें सहाच आहेत. सातवें घड्याळ म्हणजे तो खांबच, असें सांगतात. जवळच सेंट मार्टिन्स नाट्यगृहांत अ‍ॅगाथा ख्रिस्तीचें 'माउसट्रॅप' चालतें. १९५२ सालीं शेजारच्या नाट्यगृहांत सुरू झालेलें हें नाटक १९७४ सालीं येथें आलें. २०२० च्या साथींत वर्षभर पडदा पडून राहिला, तेवढाच काय तो मोठा खंड. नाटक तेंच, नट मात्र बदलत राहतात, आणि प्रत्येक बदलाच्या मागें कोणा तरी एजंटाची खटपट असते.

आमची कचेरी अशाच एका गल्लींत, दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, खोल्या दोन, माणसें चार. कामाची रीत अशी: नाटक, चित्रपट किंवा जाहिरात यांसाठीं नट निवडणारा जो योजक असतो, तो कोणत्या वयाचें व कोणत्या धाटणीचें पात्र हवें याचें टिपण एजंटांकडे धाडतो. एजंट आपल्या पदरच्या नटांपैकीं योग्य वाटतील त्यांचीं नांवें सुचवितो. 'स्पॉटलाइट' नांवाची नटांची सूची १९२७ पासून निघते. पूर्वीं तिचे छायाचित्रांनीं भरलेले जाडजूड खंड असत, आतां ती संगणकावर आली आहे. बोलावणें आलें कीं नट भेटीस जातो; २०२० नंतर मात्र घरच्या घरीं लहानसें चित्रीकरण करून पाठविण्याचा प्रघात फार वाढला. नट पसंत पडला पण अखेरचा शब्द मिळाला नाहीं, कीं त्याच्यावर 'पेन्सिल' आहे असें म्हणतात. म्हणजे त्या तारखांस त्याचें नांव शाईनें नव्हे, पेन्सिलीनें लिहिलें आहे. त्यानें तारखा मोकळ्या ठेवाव्या, परंतु कामाची खात्री मानूं नये. हें लिखाण पुसलें गेलें तर बहुधा कोणी कारण सांगत नाहीं.

आत्याबाईंच्या शंकेचें अर्धें उत्तर तेथील कायद्यानें दिलें. १९७३ च्या कायद्यान्वयें काम शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून आगाऊ पैसे घेण्यास मनाई आहे. एजंटानें आपला हिस्सा नटास मिळालेल्या मोबदल्यांतूनच घ्यावयाचा, आणि २००३ च्या नियमांप्रमाणें नटाचा पैसा स्वतःच्या पैशांत न मिसळतां निराळ्या खात्यांत ठेवावयाचा. नट उपाशी तर एजंटही उपाशी, असा हा संसार आहे. आमच्यासारख्या उमेदवारांची गोष्ट मात्र निराळी. अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग म्हणून विद्यार्थी जें काम करतो, तें एका वर्षाहून अधिक नसल्यास त्यास किमान वेतनाचा कायदा लागू होत नाहीं. आम्हांस जाण्यायेण्याचा खर्च तेवढा मिळे. घरून पैसे येत होते म्हणून तें परवडलें. ज्याच्या घरून येत नाहींत त्यानें या जिन्याची पहिली पायरी कशी चढावी, हा प्रश्न तेथेंही सुटलेला नाहीं.

आमच्याकडे मुख्य काम आलें तें पत्रांचें. आपणांस पदरीं घ्यावें अशी विनंती करणारीं दहाबारा पत्रें संगणकावर रोज येत. कचेरीच्या मालकीणबाई तीं स्वतः वाचीत व बहुतेकांस नकार देत. कारण जितक्या नटांसाठीं मनापासून खटपट करतां येईल तितकेच घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. नकाराचा मजकूर तीन ओळींचा ठरलेला असे: पत्र वाचलें, आपणांस घेऊं शकत नाहीं, आभार. आम्हांस तो फार कोरडा वाटे.

एके दिवशीं उत्तरेकडील एका गांवाहून पत्र आलें. लिहिणारे गृहस्थ पन्नाशी उलटलेले. वीस वर्षें शाळेंत शिकवून, मुलें मार्गीं लागल्यावर त्यांनीं नाट्यशिक्षण घेतलें होतें. त्यांचें छायाचित्र पाहून आम्हांस आमच्या गणिताच्या मास्तरांची आठवण झाली. बाईंनीं नकार लिहिण्यास सांगितलें. आम्हीं तीन ओळी लिहिल्या, आणि दया येऊन, बाईंस न विचारतां, चौथी जोडली: "आपलें नांव आमच्या ध्यानांत आहे, जागा होतांच कळवूं." त्या रात्रीं आपल्या हातून कांहीं सत्कृत्य घडलें अशा समाधानांत आम्ही झोंपलों.

सहा आठवड्यांनीं त्यांचें दुसरें पत्र आलें. दरम्यान एका लहानशा एजंटानें त्यांस घेण्याची तयारी दाखविली होती. परंतु आमच्याकडून शब्द मिळाला आहे असें समजून त्यांनीं नम्रपणें नाहीं म्हटलें होतें, आणि आतां जागा केव्हां होईल एवढेंच ते विचारीत होते. बाईंनीं तें पत्र वाचलें; मग आमचें जुनें पत्र काढून तेंही वाचलें. त्या रागावल्या नाहींत. म्हणाल्या, "या चौथ्या ओळीनें बरें कोणास वाटलें? त्यांस, कीं तुम्हांस?" आणि त्यांनीं टेलिफोन आमच्यापुढें सरकविला.

आम्हीं त्या गृहस्थांस खरें तें सांगितलें. जागा नव्हती, होण्याचा संभवही नव्हता, आणि ती ओळ बाईंची नसून आमची होती. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "हें पहिल्याच दिवशीं कळलें असतें तर बरें झालें असतें," आणि आमचे आभार मानून त्यांनीं बोलणें संपविलें. त्या दुसऱ्या एजंटाकडे बाईंनीं स्वतः चौकशी केली. ती जागा भरून गेली होती.

त्या सायंकाळीं आम्ही बिऱ्हाडीं न जातां कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल या देवळांत जाऊन बसलों. इनिगो जोन्स यानें योजिलेलें हें देऊळ १६३३ सालीं पुरें झालें. नाट्यगृहांच्या शेजारामुळें त्यास नटांचें देऊळ म्हणतात. चार्ली चॅप्लिन, व्हिव्हियन ली अशांच्या नांवांच्या पाट्या तेथें भिंतींवर आहेत, आणि एलन टेरी या थोर नटीची रक्षा तेथें जपून ठेविलेली आहे. त्या पाट्या वाचतांना मनांत आलें कीं यांपैकीं प्रत्येकानें केव्हां तरी नकार पचविला असेल. परंतु पचविण्यासाठीं नकार आधीं हातीं तर पडावा लागतो.

सुटींत घरीं आल्यावर ही हकीकत आम्हीं आत्याबाईंस सांगितली. त्या भाजी निवडीत होत्या. ऐकून घेतल्यावर त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस पूर्वीं कोणीं सांगितलें नव्हतें. १९७४ सालीं एका घरचीं माणसें त्यांस पाहून गेलीं, तीं "पत्रिका जुळवून कळवितों" असें म्हणून. आजोबा चार महिने रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत; मध्यें आलेलीं दोन स्थळें त्यांनीं परत पाठविलीं. पुढें कळलें कीं त्या घरीं पत्रिका कोणीं उघडलीच नव्हती. तोंडावर नाहीं म्हणणें बरें दिसत नाहीं, एवढ्यासाठीं तसें बोलून ते उठले होते.

"तुझ्या बाईंना दलाल म्हटलं, तें चुकलंच माझं," आत्याबाई म्हणाल्या. "त्या लोकांनीं एक कार्ड टाकलं असतं तरी पुरे होतं रे." आणि त्या पुन्हां भाजी निवडूं लागल्या.

उमेदवारीचें प्रमाणपत्र आमच्या कपाटांत कोठें तरी आहे. आत्याबाई अजून आमच्याच घरीं असतात. ज्यास हो म्हणतां येत नाहीं त्यास नाहीं म्हणून वेळेवर सांगावें, एवढें आम्ही त्या तीन महिन्यांत शिकलों. आणि कोणासही पत्र लिहितांना चौथी ओळ आली कीं अजून आमचा हात थांबतो.