डिस्पॅरिटी

गेल्या आठवड्यात अप्रेझलची पत्रं मिळाली. माझ्याच बॅचचा, माझ्याच मॉड्यूलवर काम करणारा मित्र आणि मी, आमच्या पॅकेजमध्ये चांगलाच फरक! डोकं सटकलं. एचआरला मेल लिहायला घेतला. सब्जेक्टमध्ये 'सॅलरी इनइक्वॅलिटी' टाकलं, मग वाटलं हे फारच मोर्चाच्या फलकासारखं दिसतंय. खोडून 'डिस्पॅरिटी' लिहिलं, मेल तसाच ठेवला आणि शनिवारी स्वारगेटहून भोरची एसटी पकडली. आत्याकडे.

आपल्याला पॅरिटी माहीत असते ती पॅरिटी बिटमुळे, सम-विषमवाली. मूळ लॅटिन 'पार' म्हणजे समान. पेअर, पिअर, कम्पेअर सगळे त्याच घरातले. (डिस्परेट मात्र सख्खा भाऊ नाही बरं का, त्याचं मूळ 'वेगळं करणं'. सफरचंद आणि सायकल डिस्परेट असतात. त्यांच्यात डिस्पॅरिटी नसते, कारण तुलनाच नाही.) इनइक्विटी म्हटलं की थेट अन्यायाचा आरोप. डिस्पॅरिटी नुसतं अंतर मोजते, दोष कुणाचा ते सांगत नाही. म्हणून तर ऑफिसात चालते. मराठीत 'विषमता'पेक्षा 'तफावत' जास्त जवळचा, तो फारसीमार्गे आलेला अरबी शब्द. आणि वापरताना बऱ्याचदा 'बिटवीन' लागतं, म्हणजे दोन टोकं सांगावी लागतात.

आत्याच्या अंगणातून भाटघर धरणाचं पाणी दिसतं. इंग्रजांनी बांधलेलं, तेव्हाचं लॉईड डॅम. आणि आत्या मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे लावून बसलेली! पाणी खाली, वाडी वर. ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं.

"आत्या, याला काय म्हणायचं गं?"

"कशाला?"

"हेच, पाणी समोर आणि तुला टँकर."

"आरं, याला काय नाव ठेवायचं? त्यांचा ऊस, आमचा हंडा. तू आंघोळ कर आधी, एकाच बादलीत हं."

मनातल्या मनात बारामतीला चार शिव्या घालून झाल्या. मग आठवलं, पलीकडच्या वेल्ह्यातलं पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून पुण्यात. माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. शॉवर चालू ठेवून दाढी करणारा मीच. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्हा 94 लाखांचा, त्यात वेल्हे तालुका जेमतेम 54 हजारांचा. (त्याचं नाव राजगड करायचा निर्णय 2024 मध्ये झाला. आत्या अजून वेल्हेच म्हणते.) जिल्ह्याची कुठलीही सरासरी काढा, हिंजवडीच्या आकड्यांत ही 54 हजार माणसं दिसणारच नाहीत. राउंडिंग एररच म्हणायची.

म्हणजे 'बिटवीन'च्या वरच्या टोकालाही मी आहेच की. मित्राच्या बाबतीत खालच्या, आत्याच्या बाबतीत वरच्या. एचआरच्या मेलमध्ये हे अर्थातच लिहिणार नाही. माझा मुद्दा बरोबरच आहे, आणि पैसे मला हवेच आहेत.

मेल आज पाठवला. सब्जेक्ट 'डिस्पॅरिटी' तसाच ठेवलाय. आत्याला तीनशे फुटांचा पाइप आणि एक मोटर किती पडेल ते विचारायला दुकानात गेलो होतो, पण दुकान रविवारी बंद असतं म्हणे.