अब्बांच्या समुद्रावर आम्ही दोघे

माझे अब्बा खलाशी होते. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा घरटी एक माणूस बोटीवर असायचा. कुणी खलाशी, कुणी तांडेल, नशीबवान तो सारंग. अब्बा इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर डेक धुवायचे, रंग काढायचे, दोरखंड ओढायचे. नऊ-दहा महिन्यांनी घरी आले की पत्र्याच्या डब्यातल्या गोळ्या आणि बंदरांची नावे घेऊन यायचे. एडन, पोर्ट सईद, साउथहॅम्प्टन. शाळेत भूगोल शिकण्याआधीच ही नावे मला पाठ होती.

म्हणून मुलगा म्हणाला, “अम्मी, लंडनहून ताईकडे न्यू जर्सीला विमानाने नको, बोटीने जा,” तेव्हा मी लगेच ‘हो’ म्हटले. आमचे हे मात्र गप्प राहिले. रात्री म्हणाले, “सात तासांच्या प्रवासाला सात दिवस, आणि एवढा पैसा! हा इस्राफ नाही का?” मुलांनी दोघांत मिळून तिकीट काढलेही होते. हे आले, पण मनाविरुद्ध. चाळीस वर्षांच्या संसारात मला ते न सांगताही कळते.

आमची बोट ‘क्वीन मेरी २’. २००४ साली सेवेत दाखल झालेली, फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत बांधलेली. लांबी ३४५ मीटर, म्हणजे जवळजवळ पाच कुतुबमिनार एकापुढे एक आडवे ठेवावेत तेवढी. धक्क्यावरून वर पाहिले तर बोट दिसतच नाही, दिसते ती खिडक्यांची भिंत. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीत बोचक्यांवर बसून प्रवास केलेल्या आम्हा दोघांना आपण बोटीत शिरतो आहोत असे वाटलेच नाही. मोठ्या हॉटेलात शिरल्यासारखे वाटले. जिने, गालिचे, नाटकगृह, हजारो पुस्तकांचे वाचनालय, तारांगण. प्रवाशांच्या कुत्र्यांनासुद्धा वेगळी जागा!

निघण्याआधी सुरक्षेची कवायत झाली. भोंग्याचे सात छोटे आवाज आणि एक लांब आवाज ऐकला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचे. काही जण हसत होते. आम्ही दोघे हसलो नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली, ही कथा कोकणातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ह्यांनी जॅकेटचे पट्टे दोनदा बांधून पाहिले.

संध्याकाळी बोट सुटली. धुराड्यावरचा भोंगा वाजला तेव्हा पायाखालचे लाकूड थरथरले. त्यातला एक भोंगा जुन्या ‘क्वीन मेरी’वरचा आहे. मी कठड्याला टेकून गोदीकडे बघत राहिले. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ याच बंदरातून निघाली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र अब्बा आठवत होते. त्यांनी साउथहॅम्प्टन कितीतरी वेळा पाहिले, पण फक्त गोदीपुरते. शहर कसे आहे असे विचारले तर म्हणायचे, “शेड मोठी आहे आणि पाऊस पडतो.”

पहिला प्रश्न जेवणाचा. आम्ही आधीच कळवून ठेवले होते, तरी टेबलावर पुन्हा सांगितले. मासे, अंडी, भाज्या, डाळ यांवर आमचे छान भागले. जाणाऱ्यांसाठी एक सांगते. मांस टाळले म्हणजे झाले असे नाही. माशावरच्या रश्श्यात वाइन आहे का आणि गोड पदार्थात जिलेटिन आहे का, हे विचारावे. विचारायला लाजू नये, तेही सांगायला कंटाळत नाहीत. रात्रीच्या समारंभाला काळा सूट किंवा आपला राष्ट्रीय पोशाख चालतो. ह्यांनी मुलाच्या लग्नातली शेरवानी घातली आणि बार, नाचगाणे टाळून आम्ही वाचनालयात जाऊन बसलो. मला तर दुपारचा चहा सगळ्यात आवडला. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी किटली घेऊन फिरतात. ह्यांनी तिसरा कप मागितला तेव्हा मी समजले, माणूस थोडा सैलावला.

दुसरा प्रश्न नमाजचा. आपल्याकडे जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली माणसे आम्ही. इथे बोट पश्चिमेला चाललेली आणि किब्ला मागे, पूर्वेकडे. त्यातही तो रोज थोडा सरकतो. साउथहॅम्प्टनला आग्नेयेकडे असलेला किब्ला न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत ईशान्येकडे गेलेला असतो. घड्याळाचेही तसेच. दोन शहरांत पाच तासांचा फरक, म्हणून सात रात्रींपैकी पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घ्यायचे. म्हणजे पंचवीस तासांचा दिवस! फोनमधल्या वेळापत्रकावर विसंबून न राहता आम्ही सूर्याकडे बघून जोहर, मगरिब ठरवू लागलो. प्रवासात कस्र आहेच, आणि आम्ही कोकणी शाफई असल्याने दोन नमाज एकत्र करण्याची सवलतही होती. दुसऱ्या दिवशी बोट डोलू लागली तेव्हा मी बसून नमाज पढले. ह्यांनी मात्र कपाटाला एक हात लावून उभ्यानेच पूर्ण केली.

आमच्या खोलीची व्यवस्था बघणारा मुलगा फिलिपीन्सचा होता. पहिल्याच सकाळी तो आला तर ह्यांनी अंथरूण झाडून, चादरी घडी करून ठेवलेल्या. बिचारा घाबरला. आपल्या कामात काही चुकले का, असे विचारू लागला. हे म्हणाले, “बाबा रे, माझा सासरा तुझ्यासारखाच बोटीवर राबला. त्याच्या जावयाची चादर तू झाडायची, हे मला जड जाते.” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते त्याला समजावले. तो हसला. मग त्याने फोनवर आपल्या मुलीचा फोटो दाखवला. सात महिने झाले होते तिला पाहून. “चालायला लागली,” म्हणाला, “मी व्हिडिओत बघितले.” मला वाटले, मीही अशीच कुणाच्या तरी पेटीतल्या फोटोत चालायला लागले असेन. शेवटी तडजोड झाली. चादर तो बदलणार, घडी हे घालणार.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर झोप येईना. आम्ही सातव्या मजल्यावरच्या डेकवर गेलो. हा डेक बोटीला पूर्ण वळसा घालतो. तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर होतात. डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या, चारी बाजूंना पाणी, पक्षीही नाही. तिथे एक खलाशी पाइपने डेक धूत होता. आम्हाला पाहून त्याने पाणी बंद केले, बाजूला सरकला आणि मान लववून आम्हाला वाट दिली.

माझे पाय पुढे पडेनात. अब्बा सांगायचे, “उतारू उठायच्या आत डेक कोरडा झाला पाहिजे. एखादा लवकर उठून आला, तर आपण भिंतीला लागायचे.” तेव्हा हिंदी खलाशांना गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी पगार मिळायचा. मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचे स्मारक आहे. अब्बा मला तिथे एकदा घेऊन गेले होते. काही बोलले नाहीत, फक्त फातिहा पढले.

ह्यांनी त्या खलाशाला सलाम केला, “थँक यू” म्हटले आणि मला म्हणाले, “चल. तुझ्या अब्बांनी धुतलेल्या डेकवर त्यांची मुलगी चालते आहे. हा इस्राफ नाही. पण घरी गेल्यावर गावच्या शाळेसाठी काहीतरी करू, म्हणजे माझेही मन स्वस्थ राहील.” मी ‘हो’ म्हटले. अशा बाबतीत त्यांचे मन स्वस्थ होऊ देणेच बरे.

आमच्यामागे सूर्य वर येत होता. बोटीवर साडेसहा, म्हणजे गावी दुपारचा एक. मी अम्मीला फोन लावला. पंच्याऐंशी वर्षांची आहे ती. आवाज स्वच्छ आला.

“कुठे आहेस?”

“समुद्राच्या मध्यावर, अम्मी.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या अब्बांचे पत्र यायला महिना लागायचा. तोवर ते कुठे असतील, काही समजायचे नाही. रात्री वारा सुटला की मी उठून बसायची.” पुन्हा थांबली. “जरा पाण्याचा आवाज ऐकव बघू.”

मी फोन कठड्याबाहेर धरला. हात थरथरत होता म्हणून ह्यांनी माझे मनगट धरून ठेवले. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. मग फोन कानाला लावला तर अम्मी म्हणाली, “ठीक आहे. आता जेवून घ्या.”